तीस कोटींची शर्यत आणि पहिला नंबर: हे नक्की कोणी पाहिलंय?

गुळवेल

हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असणार. उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली मजकूर: "जन्माआधीच तू तीस कोटी जणांना मागे टाकलं आहेस, मग परीक्षेला काय घाबरतोस!" म्हणजे शुक्राणूंच्या शर्यतीत पहिला आलास तो तूच. आमच्या कॉलेजात मध्यंतरी एक प्रेरणादायी वक्ते येऊन गेले, त्यांनीही हेच ऐकवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मला गप्प बसवेना. त्या वाक्यातला आकडा तेवढा ओढूनताणून चालेल, बाकी सगळा आनंदीआनंद आहे.

आकड्याचंच आधी. एका वेळच्या वीर्यात वीस-तीस कोटी शुक्राणू असणं नवलाचं नाही. अंडनलिकेच्या ज्या रुंद भागात फलन होतं, तिथपर्यंत पोचतात काही शे. मधले कुठे गेले? बहुतेकांनी धाव घेतलीच नाही. वीर्याचा बराचसा भाग थोड्या वेळात बाहेर वाहून जातो. जे आत राहतात त्यांना योनीतलं आम्ल मारतं. तिथला सामू (पीएच) चारच्या आसपास असतो आणि शुक्राणूंना तो मानवत नाही. वीर्य अल्कधर्मी असल्यामुळे थोडा वेळ संरक्षण मिळतं, तेवढ्यात जे गर्भाशयाच्या तोंडातल्या स्रावात शिरतील ते शिरतील.

आणि हा स्राव म्हणजे उघडं फाटक नव्हे. महिन्यातले बहुतेक दिवस तो घट्ट असतो, त्यातून काही आत जात नाही. अंडपेशी बाहेर पडायच्या आधीचे काही दिवस रक्तात इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढतं, तसा तो पातळ, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. दोन बोटांत धरून ओढला तर आठ-दहा सेंटिमीटर तार निघते. काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर नेच्याच्या पानांची नक्षी दिसते. अंडपेशी सुटली की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि दोन दिवसांत फाटक पुन्हा बंद. म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कधी, हे बाईचं शरीर ठरवतं. फॉरवर्डमध्ये बाईचं शरीर नुसतं मैदान आहे.

आता पोहण्याबद्दल. शुक्राणूचा वेग मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर. गर्भाशयाच्या तोंडापासून फलनाच्या जागेपर्यंत पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर. सरळ रेषेत, न थांबता पोहला तरी तास लागायला हवा. पण काही शुक्राणू पाच-दहा मिनिटांतच नलिकेत सापडतात! कारण ते पोहून गेलेलेच नसतात. गर्भाशयाचा स्नायू त्या दिवसांत तोंडाकडून वरच्या दिशेला बारीक लाटा सोडत असतो आणि त्या लाटा त्यांना ढकलून नेतात. १९९६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी शुक्राणूच्या आकाराचे, किरणोत्सारी खूण लावलेले निर्जीव कण योनीत सोडून बघितले. ज्यांना शेपूट नाही, जीव नाही, असे ते कण मिनिटांत गर्भाशयात गेले, आणि ज्या बाजूच्या अंडाशयात पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते तो फुगा) पिकत होती त्या बाजूच्या नलिकेत जास्त गेले.

सशांवरच्या प्रयोगात तर सगळ्यात आधी वर पोचलेले शुक्राणू बहुतांश मेलेले निघाले. पहिला नंबर मढ्याचा. हे वक्त्यांना सांगायची माझी फार इच्छा होती, पण प्राचार्य शेजारी बसले होते.

बरं, जिवंतपणी पहिला पोचला तरी उपयोग नाही. ताजा शुक्राणू अंडपेशीत शिरूच शकत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावर त्याच्या पटलावरचं कोलेस्टेरॉल निघतं, कॅल्शियम आत येऊ लागतं, शेपटीचे फटके बदलतात, तेव्हा कुठे तो लायक होतो. हे १९५१ साली चँग यांनी अमेरिकेत आणि ऑस्टिन यांनी ऑस्ट्रेलियात स्वतंत्रपणे दाखवलं. त्याआधी प्रयोगशाळेत अंडपेशी आणि शुक्राणू एकत्र ठेवूनही फलन का होत नाही म्हणून लोक डोकं धरून बसले होते.

पुढचं फाटक अंडपेशीचं स्वतःचं. भोवती पेशींचा जाड थर, त्याच्या आत पारदर्शक आवरण, त्याच्या आत पटल. त्या पटलावर एक प्रथिन असतं, शुक्राणूच्या डोक्यावर दुसरं. दोन्ही जुळली तरच पुढचं. शुक्राणूवरच्या प्रथिनाला जपानी संशोधकांनी २००५ साली 'इझुमो' नाव दिलं, विवाहासाठी प्रसिद्ध असलेल्या त्यांच्याकडच्या देवस्थानावरून. अंडपेशीवरची जोडीदारीण २०१४ साली सापडली, तिला विवाहाच्या रोमन देवीचं 'जुनो' हे नाव मिळालं. एकदा एक आत आला की अंडपेशी आवरण कडक करते, जुनो पटलावरून झटकून टाकते, आणि बाकीचे बाहेर.

शर्यतीची गोष्ट इतकी चिवट का, याचं माझं एक मत आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुकला सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसले १६७७ साली. सस्तन प्राण्याची अंडपेशी फॉन बेअरने कुत्रीच्या अंडाशयात पाहिली १८२७ साली. दीडशे वर्षं गोष्टीत एकच पात्र वळवळत होतं, त्यामुळे नायकही तोच झाला. वास्तविक अंडपेशी शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक, एक दशांश मिलिमीटरपेक्षा थोडी मोठी. नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसेल.

आणि गाळणी बघायचीच असेल तर अंडाशयात बघा. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मताना दहा-वीस लाख. वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडणार चारेकशे. बाकी सगळ्या जागच्या जागी विरून जातात. दर महिन्याला पुटिकांची एक तुकडी वाढीला लागते. त्यातली एक पुढे जाते, ती इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन सोडून मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून येणारं, पुटिका वाढवणारं संप्रेरक एफएसएच खाली आणते, आणि कमी एफएसएचवर तीच तेवढी जगते. बाकीच्यांची रसद तुटते.

ज्या अंडपेशीपासून तुम्ही झालात ती तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात असताना तयार झालेली आहे. तेव्हा तिने विभाजन सुरू केलं, अर्ध्यात थांबवलं आणि वीस, तीस, चाळीस वर्षं ती तशीच थांबली. बाहेर पडायच्या काही तास आधी ते पुढे सरकलं, परत थांबलं, आणि शुक्राणू आत शिरल्यावरच पुरं झालं. शुक्राणूचं वय तिच्यासमोर जेमतेम अडीच-तीन महिने.

शंका, भर, भांडण, सगळ्याचं स्वागत.

खारी बिस्किट

सूर्योदयाचा फोटो काल रात्रीच मेव्हण्याने पाठवलाय. 😂 उत्तरात हा धागा चिकटवतो.

एक शंका. 'मुलाचे' शुक्राणू हलके म्हणून वेगात जातात आणि 'मुलीचे' सावकाश पण जास्त टिकतात, त्यामुळे दिवस बघून संबंध ठेवले की मुलगा होतो, हे आमच्याकडे सर्रास ऐकू येतं. त्यात काही तथ्य?

गुळवेल

नाही. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शेटल्स नावाच्या डॉक्टरांनी लोकप्रिय केली. एक्स गुणसूत्रवाल्या, म्हणजे 'मुलीच्या' शुक्राणूत डीएनए तीनेक टक्के जास्त असतो एवढं खरं. त्यामुळे वेगात फरक पडतो हे नीट मोजमाप केल्यावर टिकलं नाही. १९९५ साली विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी शेकडो जोडप्यांच्या रोजच्या नोंदी आणि लघवीतली संप्रेरकं ताडून बघितली. गर्भ राहण्याची शक्यता असलेले दिवस सहा निघाले: अंडपेशी सुटते तो दिवस आणि आधीचे पाच. त्यातला कुठला दिवस आणि मुलगा की मुलगी, यांचा संबंध आढळला नाही.

लिंग पित्याच्या शुक्राणूवरून ठरतं हे नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली किड्यांमध्ये दाखवून दिलं. तरी सव्वाशे वर्षांनी टोमणे सुनेलाच. 'मुलगा होण्याचं' औषध किंवा तंत्र विकणं, त्याची जाहिरात करणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, हेही मेव्हण्याला कळवा.

लॅबवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सीमेन ॲनालिसिस माझ्याच टेबलवर येतात. शुक्राणू जेवढे मी बघितलेत तेवढे या धाग्यावर कोणीच बघितले नसतील, म्हणून दोन शब्द.

पहिलं म्हणजे ते शर्यतीत असल्यासारखे अजिबात दिसत नाहीत. सॅम्पल आलं की आधी नुसतं ठेवायचं, कारण वीर्य बाहेर आल्यावर एका मिनिटात गोठतं आणि मग पंधरा-तीस मिनिटांत प्रोस्टेटमधल्या एन्झाइममुळे पातळ होतं. (तेच एन्झाइम म्हणजे पीएसए, जे पन्नाशीनंतर रक्तात तपासतात.) पातळ झाल्यावर थेंब काचेवर, चारशेपट मोठं करून बघायचं. काही सरळ जातात, काही गोल गोल फिरतात, काही जागच्या जागी थरथरतात, काही एकमेकांना अडकलेले, आणि पुष्कळसे नुसते पडून. दोन शेपट्यांचे, दोन डोक्यांचे, टाचणीच्या टोकाएवढं डोकं असलेले, सगळं संमेलन असतं.

रिपोर्टमध्ये 'नॉर्मल आकाराचे ४ टक्के' लिहिलं की माणूस पांढराफटक पडतो. "मॅडम, ९६ टक्के खराब?" हो, आणि तरीही रिपोर्ट नॉर्मल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची रेषा अशी: प्रमाण १.४ मिली, मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. आणि ही पास-नापासची रेषा नाही. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा पुरुषांचे रिपोर्ट गोळा केले, त्यांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची ती रेषा आहे. तिच्या खाली असूनही बाप झालेले लोक त्या यादीत होतेच.

दुसरं, वीर्य म्हणजे शुक्राणू नव्हेत. साठ-सत्तर टक्के द्रव शुक्राशय नावाच्या ग्रंथींतून येतो, त्यात शुक्राणूंचं खाणं म्हणजे फ्रुक्टोज असतं. पाव हिस्सा प्रोस्टेटचा. शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन-चार टक्के. म्हणून नसबंदीनंतर दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. काउंट शून्य आला तर आम्ही फ्रुक्टोज बघतो: तेही नसेल तर वाट कुठेतरी तुंबली आहे किंवा शुक्राशयच नीट झालेले नाहीत, असा अंदाज येतो.

आणि मनातलं बोलते. बायको तीन वर्षं सोनोग्राफ्या, रक्त तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, देवदेव, सगळं करून थकलेली असते आणि मग कधीतरी नवऱ्याचं हे साडेचारशे-पाचशे रुपयांचं काम होतं. डबी द्यायला बहुतेक वेळा तीच येते. तो खाली गाडीवर बसलेला असतो.

परखड मत

माहिती असेल चांगली, पण हे सगळं असं चव्हाट्यावर? इथे शाळकरी मुलंही वाचतात. काही विषय डॉक्टरांच्या खोलीतच बरे.

मुळामुठा

परखडराव, शाळकरी मुलांना हा धडा दहावीच्या विज्ञानात आहे. मास्तर "घरी वाचा" म्हणून पुढे जातात तो भाग वेगळा.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोक हेच म्हणत होते. त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, खटले झाले, पण 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून जाईपर्यंत चालवलं. शंभर वर्षांनी तीच चर्चा आपण परत करायची असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे.

शेवग्याची शेंग

गुळवेल, छान लिहिलंय. मला एक विचारायचं होतं. सगळीकडे 'चौदाव्या दिवशी' म्हणतात. माझी पाळी कधी ३२ दिवसांनी येते, कधी ४०. ॲप मात्र दर महिन्याला चौदाव्या-पंधराव्या दिवशी हिरवा गोल दाखवतं. आणि एका महिन्यात डावं अंडाशय, दुसऱ्यात उजवं, असं आलटून पालटून असतं ना?

स्टेथो

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय.

शेंगताई, चौदा हा आकडा मागून मोजायचा असतो. अंडपेशी बाहेर पडल्यावर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि गर्भ राहिला नाही तर साधारण बारा ते चौदा दिवसांत त्याचं आयुष्य संपतं. प्रोजेस्टेरॉन पडलं की अस्तराच्या वळणदार रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अस्तर सुटतं, पाळी येते. हा उत्तरार्ध बऱ्यापैकी ठरलेला. कमीजास्त होतो तो पूर्वार्ध, पुटिका पिकायचा काळ. म्हणजे ४० दिवसांच्या महिन्यात तुमची अंडपेशी सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटली असेल. ॲप सरासरी काढतं, त्याला तुमचं अंडाशय दिसत नाही. मात्र पाळी वारंवार ३५ दिवसांच्या पुढे जात असेल तर एकदा दाखवून घ्या, थायरॉइड आणि पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीने अंडपेशी वेळेवर न सुटण्याचा आजार) बघायला हवं.

आलटून पालटूनचं म्हणाल तर तसा नियम नाही. लागोपाठ तीन महिने एकाच बाजूने येऊ शकते.

यात एक गोष्ट पुस्तकातल्या आकृतीमुळे कायम चुकीची डोक्यात बसते. आकृतीत नलिका अंडाशयाला चिकटवलेली असते. प्रत्यक्षात दोघांमध्ये फट असते. अंडपेशी पोटाच्या पोकळीत पडते आणि नलिकेच्या टोकाची झालर अंडाशयावरून फिरून तिला उचलून घेते. लॅप्रोस्कोपीत ती झालर हलताना दिसते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी टाके घालायचं विसरून बघत राहिलो होतो. आणि ती दुसऱ्या बाजूची अंडपेशीही उचलू शकते. डावी नलिका काढलेली, उजवं अंडाशय काढलेलं, अशा बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहिल्याच्या नोंदी आहेत.

फलन नलिकेतच होतं आणि गर्भ तीन-चार दिवस तिथेच असतो, म्हणून वाटेत काही बिघडलं तर तो तिथेच रुजतो. पाळी चुकली आहे, एका बाजूला पोट दुखतंय, चक्कर येतेय, खांद्यात कळ येतेय, असं असेल तर 'बघू उद्या' करू नका. नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर मात्र थोडंसंच दिसतं.

कोकणकडा

विषय निघालाच आहे तर. मला मागच्या मे महिन्यात मुतखडा झाला. कळ पाठीतून निघून थेट अंडकोशात! मी घाबरून भलत्याच डॉक्टरकडे गेलो असतो. खडा मूत्रनलिकेत, दुखणं खाली, हे काय गणित आहे?

स्टेथो

ही जुन्या शेजाराची आठवण. वृषण जन्माला येतात तेच पोटात, मूत्रपिंडाजवळ. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जांघेतून खाली अंडकोशात उतरतात, पण येताना वरची रक्तवाहिनी आणि मज्जातंतू सोबत घेऊन येतात. म्हणून वृषणाची धमनी आजही मूत्रपिंडाजवळ महाधमनीतून निघते. मूत्रनलिका आणि वृषण, दोघांची वेदना पाठीच्या कण्यात जवळजवळ त्याच पातळीला पोचते आणि मेंदूचा पत्ता चुकतो.

डाव्या वृषणाची शीर काटकोनात डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवी तिरकी थेट महाशिरेला. त्यामुळे शिरा फुगण्याचा आजार, व्हेरिकोसील, बहुतांशी डाव्या बाजूला. खाली उतरायचं कारण तापमान: शुक्राणू बनायला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी लागतं. बाळाचा एखादा वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली आला नसेल तर सर्जनला दाखवा. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी.

आणि आईवडिलांसाठी एक: वयात येणाऱ्या मुलाला एका बाजूच्या वृषणात अचानक जोराची कळ, सोबत उलटी, असं झालं तर रात्री दोन वाजताही निघा. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, हातात सहाएक तास असतात. मुलं लाजेने सांगत नाहीत, आणि सकाळी फार उशीर झालेला असतो.

पाचटाचा धूर

मी बीड जिल्ह्यातली आहे, आरोग्याच्या कामात आहे. इथे २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. मी त्यातल्या काही बायांना रोज भेटते. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल" असं ऐकून आल्या, उचल घेऊन ऑपरेशन केलं. वय पस्तिशीच्या आत. आता कंबर दुखते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. नुसती पिशवी काढली की त्यासोबत अंडाशयंही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. कागद मागितला तर डिस्चार्ज कार्डच नसतं. स्टेथो सर, नेमका काय फरक पडतो ते सोप्यात लिहा, मला बैठकीत वाचून दाखवता येईल.

स्टेथो

लिहितो ताई.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, हा मुख्यतः स्नायू. नेहमीच्या वेळी पेरूएवढी, साठेक ग्रॅमची. नवव्या महिन्यात किलोभर. संप्रेरकं ती बनवत नाही, ती अंडाशयं बनवतात. पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तर पाळी बंद होते, मूल होत नाही, पण इस्ट्रोजेन चालू राहतं. रजोनिवृत्ती मात्र थोडी लवकर येऊ शकते. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. वाफा, घाम, झोप उडणं, कोरडेपणा लगेच सुरू. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा धोका पुढच्या वर्षांत. पस्तिशीत काढली तर हे सगळं दहा-पंधरा वर्षं आधी अंगावर येतं.

अंगावर पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. काही वेळा ते नुसतं नैसर्गिक असतं, गुळवेल यांनी वर लिहिलंय तोच स्राव. त्यासाठी पिशवी काढत नाहीत. कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती करून घ्या. आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांची सोनोग्राफी करा, अंडाशयं आहेत की नाहीत ते कळेल. नसतील तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि जमेल तिथे संप्रेरकांचा उपचार, यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा.

पाचटाचा धूर

आभारी आहे. प्रिंट काढून नेते.

खारी बिस्किट

मूळ विषयावर येतो. टेस्ट ट्यूब बेबीत मग ही सगळी फाटकं कोण सांभाळतं?

गुळवेल

साध्या आयव्हीएफमध्ये अंडपेशीभोवती हजारो शुक्राणू सोडतात आणि शेवटची फाटकं अंडपेशीच सांभाळते. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पहिलं बाळ झालं ते असंच. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून मुलगी झाली, पण त्यांना खोटं ठरवलं गेलं आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्यासोबत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांनी जे बाळ जन्माला आणलं ते भारतातलं पहिलं मानलं गेलं. मला यातली मोठी गोष्ट पुढची वाटते: आनंद कुमारांनी मुखर्जींचे कागद वाचले आणि १९९७ साली स्वतःहून सांगितलं की पहिला मान त्यांचा आहे. असं करणारे किती सापडतील?

इक्सीत मात्र सगळी फाटकं वगळतात. काचेच्या सुईने एकच शुक्राणू थेट अंडपेशीत सोडायचा. त्यातून पहिलं बाळ १९९२ साली ब्रसेल्समध्ये झालं.

लॅबवाली

आणि सुईत घ्यायच्या आधी त्याची शेपूट काचेवर दाबून मोडतात, पळू नये म्हणून. शर्यतवाल्यांनी नोंद घ्यावी. 🙂

चिंचेचं पान

लॅबवाली ताई, मिस्टरांचा रिपोर्ट परवा आला, काउंट ८० लाख, हालचाल २० टक्के. दीड महिन्यापूर्वी डेंग्यू होऊन गेलाय, पाच दिवस १०३ ताप होता. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. खूप टेन्शन आलंय.

लॅबवाली

तापाचं डॉक्टरांना आधी सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, वर वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या सहा मीटर लांब नळीतून बाहेर यायला आणखी आठवडा-दीड आठवडा. आज डबीत जे आलं ते तापाच्या दिवसांत घडत होतं. एका रिपोर्टवर कोणीच निर्णय घेत नाही. बहुतेक तीन महिन्यांनी परत करायला सांगतील. तेव्हा आधी दोन ते सात दिवसांचा खंड ठेवा, सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणणार असाल तर तासाच्या आत, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवून आणा. फ्रीजमध्ये ठेवू नका, गेल्या आठवड्यातच एकांनी बर्फाच्या पिशवीत आणलं होतं.